एका डीव्हीडीत अख्खी रात्र

आजचा भाग जरा तांत्रिक आहे. आकडे येतील, बिटरेट येईल. पण पळू नका, कारण या आकड्यांच्या मागे माझे बाबा आहेत.

दिवाळीत धानोऱ्याला गेलो होतो. माळ्यावरची पेटी काढली तर मामाच्या जुन्या दुकानातलं सामान निघालं. फायरवायरच्या दोन वायरी, मिनीडीव्हीच्या रिकाम्या डब्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन डीव्हीडी. दोन्हींवर मार्करनं एकाच नाटकाचं नाव, एकच तारीख, जानेवारी २००८. फरक एवढाच, की एकीवर लिहिलं होतं ‘फुल’ आणि दुसरीवर ‘हाफ’. एकच नाटक दोनदा कशाला लिहून ठेवलं असेल? आईला विचारलं तर ती म्हणाली, “तुझ्या बाबाचं नाटक आहे ते. मामाले विचार.”

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, लग्नातले, शाळेतले. पण हलते-बोलते बाबा फक्त या दोन चकत्यांवर आहेत. म्हणून मी विचारत बसलो, आणि त्यातून हा भाग तयार झाला.

आधी थोडं आमच्या भागाबद्दल, कारण पुण्या-मुंबईचे श्रोते नेहमी विचारतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धानोरा गडचिरोली जिल्ह्यात, मुरुमगाववरून छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावर. मेंढा-लेखा ऐकलं असेल, सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, २००९ सालचं. ते आमच्याच तालुक्यातलं. आणि झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरायला लागल्या की होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. दंडार, खडीगंमत ही जुनी रूपं, त्यांच्या जोडीला रंगमंचावरचं नाटक आलं आणि ते इथं असं रुजलं, की वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचं गाव झालं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. ‘झॉलीवूड’ नावाचा मराठी सिनेमा २०२२ मध्ये आला, तोही याच जगावर.

या नाटकाची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन खरी वाटत नाही. ते रात्रभर चालतं. दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि लोक घरी जातात तेव्हा कोंबडे आरवत असतात. मध्ये गाणी, मध्ये नाच, मध्ये विनोदी पात्रांचा धुमाकूळ. आता ही रात्र, म्हणजे पाच-सहा तास, एका चकतीवर कशी बसवायची, हा माझ्या मामाचा प्रश्न होता. धानोऱ्यात त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्न, बारसं, सभा आणि हंगामात नाटकं.

एक गंमत सांगतो. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं आणि देशात रंगीत टीव्ही आला. आणि त्याच १९८२ साली, इथून फार लांब, आंतरराष्ट्रीय समितीच्या कागदावर एक आकडा पक्का झाला. टीव्हीचं चित्र डिजिटल करायचं तर एका ओळीत ७२० नमुने घ्यायचे. त्याला सीसीआयआर ६०१ म्हणत. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत दिसणाऱ्या ओळी ५७६. म्हणजे ७२० गुणिले ५७६. मामाच्या पुढच्या सगळ्या डोकेदुखीचं मूळ या आकड्यात आहे.

डीव्हीडीच्या आधी व्हीएचएस होती. १९७६ साली जपानात आली. पाल देशांतली १८० मिनिटांची कॅसेट एलपी मोडवर टाकली तर सहा तास चालायची, म्हणजे नाटक एका कॅसेटमध्ये बसायचं. मामा म्हणतो तो सुखाचा काळ होता. चित्र पिसाटलेलं यायचं पण रात्र सलग राहायची. मग आली व्हीसीडी. तिचं प्रमाण १९९३ चं. ३५२ गुणिले २८८ चं चित्र, सेकंदाला ११५० किलोबिट, आणि एका चकतीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं. सहा तासांचं नाटक म्हणजे पाच चकत्या! “लोकाइले तीन नंबरची कधीच सापडे नाई,” मामा म्हणतो. “दुसऱ्या अंकात पोरगी पळून जाय, अन् चौथ्या चकतीत तिचं पोरगंच दिसे. मधात काय झालं ते मले इचारत येत.”

म्हणून डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह स्वस्त झाला तेव्हा मामानं उधारीवर तो घेतला. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली. त्यानंतर गावोगावी लोकांच्या घरात चिनी डीव्हीडी प्लेयर दिसायला लागले. आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन एकच म्हणायचं : एका डीव्हीडीत पाह्यजे. एकच!

आता हिशोब. मोबाइलचं कॅल्क्युलेटर काढा, खरंच काढा.

डीव्हीडीवर लिहिलेलं असतं ४.७ जीबी. हे कंपनीचे जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक त्यालाच ४.३७ दाखवतो, त्यावरून मामाचं आणि घाऊक दुकानदाराचं एकदा भांडणही झालं होतं. आठनं गुणलं की ३,७६० कोटी बिट. बाबांचं नाटक भरलं होतं पाच तास पन्नास मिनिटं, म्हणजे २१,००० सेकंद. भागा. सेकंदाला साधारण १,७९० किलोबिट. त्यातले थोडे मेनू आणि बांधणीत जातात. धरा १,७४०. एवढीच शिदोरी. चित्र आणि आवाज, दोघांनी मिळून यातच भागवायचं.

तुलनेला सांगतो, डीव्हीडीच्या नियमात चित्राला कमाल ९,८०० किलोबिट मिळू शकतात. दोन तासांचा सिनेमा असेल तर पाच हजारांच्या आसपास मिळतात. मामाकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके होते.

पहिला फटका आवाजानं दिला. त्याच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचं सेटिंग आपोआप पीसीएमवर असायचं, म्हणजे न दाबलेला आवाज. ४८ हजार नमुने, १६ बिट, दोन चॅनल. गुणाकार केला तर १,५३६ किलोबिट. १,७४० मधून १,५३६ वजा केले तर चित्राला उरतात दोनशे! पहिल्या प्रयत्नात पडद्यावर रंगीत चिखल आला आणि आवाज मात्र असा स्वच्छ की पेटीवाल्याची खुर्ची करकरलेली ऐकू यावी. मामा रात्रभर डोकं धरून बसला होता, म्हणे. मग कळलं की पाल देशांच्या डीव्हीडीत एमपी-टू हा दाबलेला आवाज चालतो. व्हीसीडीसाठी तो वापरतच होता, फक्त तिथं ४४.१ किलोहर्ट्झ आणि इथं ४८ लागतं. त्यानं १९२ किलोबिट ठेवला. मी विचारलं, १२८ का नाही केला, चित्राला चौसष्ट अजून मिळाले असते. तर म्हणाला, “नाटक लोकं आयकाले येतात, बापू. मागं बसलेल्या बुढीले कोनाचं तोंड दिसते?”

मला हे फार पटलं. व्हिडिओची चर्चा करताना आपण आवाज विसरतो.

आवाज वजा जाता चित्राला उरले साधारण १,५००. आता खरा निर्णय. डीव्हीडीत पालसाठी मोजकीच मापं चालतात. ७२० गुणिले ५७६, ७०४ गुणिले ५७६, ३५२ गुणिले ५७६ आणि ३५२ गुणिले २८८. मधलं ४८० गुणिले ५७६ हे सुपर व्हीसीडीचं माप आहे, डीव्हीडीत ते बसत नाही. मामानं तेही करून पाहिलं होतं. त्याच्या स्वतःच्या प्लेयरवर चाललं आणि गिऱ्हाइकाच्या प्लेयरवर सगळी पात्रं आडवी ताणली गेली.

कोणीही पहिल्यांदा सगळ्यात मोठं मापच निवडतो. मीही निवडलं असतं. आपल्या डोक्यात बसलंय की जास्त पिक्सेल म्हणजे चांगलं चित्र. पेटीतली ‘फुल’ लिहिलेली डीव्हीडी तीच : ७२० गुणिले ५७६.

पण पिक्सेलला खायला बिट लागतात. ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला एक कोटी तीन लाखांवर पिक्सेल. त्यांच्यात १५ लाख बिट वाटले तर एकेकाच्या वाट्याला ०.१४ बिट. रुंदी निम्मी केली की वाटा दुप्पट, ०.३० च्या जवळ. पंगत तेवढीच वाढायची, पण पानं अर्धी.

बिट कमी पडले की नेमकं काय होतं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. नासिर अहमद नावाचे बंगळुरूचे एक शास्त्रज्ञ अमेरिकेत कॅन्ससला शिकवत होते. त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये एक शोधनिबंध छापला. त्या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात ठळक बदल किती आणि बारीक तपशील किती ते वेगळं मोजायचं, आणि गरज पडेल तसा बारीक तपशील टाकून द्यायचा. तुमच्या फोनमधली प्रत्येक जेपीजी अशीच बनते. व्हीसीडीतला एमपेग-वन, डीव्हीडीतला एमपेग-टू, सगळे याच पायावर. शिदोरी अगदी कमी पडली की तपशील इतका फेकला जातो की शेजारचे चौकोन एकमेकांना जुळेनासे होतात. व्हिडिओ ‘फुटतो’ म्हणतो ना आपण, तो इथं फुटतो.

झाडीपट्टीच्या नाटकात तर फुटण्याची सगळी तयारी आधीच असते. रंगीत दिवे दर गाण्याला बदलणार, धूर सोडणार. रात्रीचं शूटिंग, त्यामुळे कॅमेरा अंधारात स्वतःहून उजेड वाढवतो आणि काळ्या पडद्यावर मुंग्या यायला लागतात. एन्कोडरला त्या मुंग्या आणि नाचणारी बाई यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी हालचालच. निम्मे बिट मुंग्या खातात. त्यात लाल दिवा! रंगाची माहिती मुळातच उजेडापेक्षा चौपट कमी साठवली जाते, त्यामुळे लाल उजेडातली लाल साडी म्हणजे नुसत्या विटांची भिंत.

‘फुल’ डीव्हीडी मी लॅपटॉपवर लावली. बाबा तिसऱ्या अंकात आहेत, पहाटे साडेतीनच्या सुमाराला. म्हातारा बाप झालेत, खाटेवर बसून बोलतात. चेहरा ओळखू येत नाही. कपाळ एक चौकोन, गाल दोन चौकोन. हात वर केला की हाताबरोबर भिंतीचा तुकडाही वर जातो.

बाबांनीही तेव्हा हेच पाहिलं होतं. मंडळाच्या लोकांसोबत दुकानात बसून. मामा सांगतो, ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “आवाज मस्त आला आहे.” मामाला ते लागलं. आपल्या मेहुण्याचं पहिलंच मोठं काम, अन् तोंडच नाही. “भाऊजी, मले चार दिवस द्या,” म्हणाला.

त्या चार दिवसांत ‘हाफ’ तयार झाली. ३५२ गुणिले ५७६. याला हाफ डी-वन म्हणतात, आडवी बाजू निम्मी, उभी बाजू पूर्ण. आता तुम्ही म्हणाल, मग ३५२ गुणिले २८८ का नाही, तिथं तर वाटा आणखी दुप्पट होतो. बरोबर. आणि १,५०० ला खूप जणांनी तेच निवडलं असतं. पण जुन्या टीव्हीचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन झुंडींत यायचं, सेकंदाला पन्नास झुंडी. २८८ केलं की एक झुंड गेलीच. नाच तुटक दिसतो. शिवाय व्हीएचएस कॅसेटमध्येही आडवा तपशील जवळपास ३५२ पिक्सेलमध्ये मावेल इतकाच असायचा. लोकांचे डोळे कॅसेटला सरावलेले. मामाचं म्हणणं असं की आडवं निम्मं केलं ते कोणाच्या लक्षात येणार नाही, उभं निम्मं केलं तर येईल. आणि त्याचं बरोबर होतं.

तरी माप बदलून सगळं झालं असं नाही. मिनीडीव्हीच्या कॅसेटमध्ये खालची झुंड आधी असते, आणि त्याचा एन्कोडर, टीएमपीजीएन्क नावाचा जपानी प्रोग्रॅम, वरची आधी समजून बसला होता. त्यामुळे नाच थरथरत होता. ते सेटिंग सापडायला एक दिवस गेला. मग मुंग्या काढायचा फिल्टर लावला. त्यानं एन्कोडिंगचा वेळ अजून वाढला. दोनदा फिरवायचं असतं ते. पहिल्या फेरीत कुठं किती हालचाल आहे ते मोजायचं, दुसरीत त्याप्रमाणे बिट वाटायचे. पेंटियम फोरवर सहा तासांच्या नाटकाला एक दिवस-रात्र सहज. आणि गावात भारनियमन. तुमच्यातल्या लहानांना ते आठवणारही नाही, पण तेव्हा महाराष्ट्रात खेड्यांत रोज कित्येक तास लाइट जायची. यूपीएस पंधरा मिनिटं टिकायचा. नव्वद टक्क्यांवर लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

वर हार्ड डिस्क ८० जीबीची. मिनीडीव्हीचा एक तास म्हणजे १३ जीबी. सहा तास त्यावर मावतच नाहीत.

म्हणून मामानं नाटक अंकांत तोडलं. एक अंक कॅसेटवरून उतरवायचा, लाइट आहे तोवर एन्कोड करायचा, मोठी फाइल पुसायची, मग पुढचा अंक. आणि इथं त्यानं जे केलं ते मला आवडतं. अख्खं नाटक एकत्र फिरवलं असतं तर यंत्रानं बिट स्वतःच्या मनानं वाटले असते, म्हणजे नाचाला भरपूर आणि खाटेवर बसून बोलणाऱ्या म्हाताऱ्याला कमी. यंत्राला हालचाल कळते, रडणं कळत नाही. पण अंक सुटे झाल्यामुळे वाटप मामाच्या हातात आलं. पहिल्या अंकाला १,४००, दुसऱ्याला १,४००, आणि तिसऱ्याला १,७०० च्या आसपास. बेरीज तीच. पहिल्या अंकातला नाच थोडा फुटतो त्यानं. “फुटू दे,” मामा म्हणतो. “नाच तर सगळ्याच नाटकात रायते.”

माझं आणि मामाचं एका गोष्टीवर अजून पटत नाही. मी म्हणतो, दोन डीव्हीडी करायच्या होत्या. तीन-तीन तासांच्या. चित्राला ३,२०० किलोबिट मिळाले असते आणि हाफ डी-वनला तेवढं म्हणजे चैन. चकती काही फार महाग नव्हती. मामा म्हणतो, तू व्हीसीडीचा जमाना पाहिला नाहीस, दुसरी चकती हरवतेच. कदाचित. पण पेटीत दोन चकत्या सतरा वर्षं शेजारी-शेजारी टिकल्याच की.

आणि मूळ कॅसेटी? हे विचारायला मी कचरलो होतो. मामानं त्या पुन्हा वापरल्या. मिनीडीव्हीची एक कॅसेट एका तासाची, एका नाटकाला सहा लागायच्या, आणि हंगाम चालू. पुढच्या आठवड्यात त्याच कॅसेटींवर कुणाचं तरी लग्न शूट झालं. मी त्याला दोष देत नाही. तेव्हा सगळेच तसं करायचे, डीव्हीडीत आहे ना, मग झालं.

तर आता ‘हाफ’ डीव्हीडी. लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावला. पहिला अंक आला. मऊ चित्र, थोडं धुकट, पण माणसं माणसांसारखी. दुसरा अंक आला. तिसऱ्या अंकाच्या मध्यावर ड्राइव्ह घरघरायला लागला आणि चित्र थिजलं.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. पहिला अंक मधल्या भोकाजवळ, शेवटचा पार कडेला. आणि खराबी बहुतेक वेळा कडेपासून सुरू होते. बोटं तिथं लागतात, ओरखडे तिथं, दोन थरांच्या मधून दमट हवा तिथूनच शिरते. घरी लिहिलेल्या चकतीत माहिती रंगाच्या थरात असते, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे, पत्र्याखालचा माळा. मामानं जे सगळ्यात जपून एन्कोड केलं तेच सगळ्यात धोक्याच्या जागी पडलं. चकती तोंडातोंड भरल्याचा हा तोटा, आणि तो तेव्हा मामाच काय, मीही धरला नसता.

नागपूरला मित्राकडे तीन वेगवेगळे ड्राइव्ह होते. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो वाचता येणारं आधी उचलतो आणि न येणाऱ्या जागांवर पुन्हा पुन्हा परत जातो. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते कधी कधी दुसऱ्याला दिसतं. दोन रात्री चालवलं. बाबांचा प्रवेश पंधरा मिनिटांचा आहे. त्यातली अकरा मिनिटं ‘हाफ’मधून निघाली. मधली चार निघाली नाहीत.

ती चार मी ‘फुल’मधून घेतली. त्या चकतीची कड का कोण जाणे चांगली राहिली होती.

तुमच्याकडे अशा चकत्या असतील तर यूट्यूबवर टाकण्याच्या भानगडीत पडण्याआधी फोल्डर जसंच्या तसं उतरवून ठेवा. परत एन्कोड करू नका. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं की चौकोनांचेही चौकोन होतात. मीही फक्त जोडलं, दाबलं नाही.

(इथे मागे नाटकाचा आवाज ऐकू येतो.)

हे आता जे ऐकताय ना, तो आवाज दोन्ही डीव्हीडींत अगदी सारखा आहे, १९२ किलोबिट, त्यामुळे जोड कानाला कळत नाही. डोळ्यांना कळतो. बाबा खाटेवर बसून बोलत असतात, चेहरा नीट दिसत असतो, डाव्या भुवईवरची खूणसुद्धा. मग एका वाक्याच्या मध्येच ते चौकोनांचे होतात, चार मिनिटं तसेच बोलत राहतात, आणि उठून उभे राहताना पुन्हा बाबा होतात. आईला दाखवलं. तिनं जोड ओळखला नाही. ती म्हणाली, इथं दिवा गेला होता वाटते.